ग अक्षराची माणसं

सकाळी टेबलाच्या कडेला आलेला दुधाचा पेला आत सरकवायला त्याने हात उचलला, आणि समोर बसलेल्या मुलीने डावं कोपर वर नेऊन चेहरा झाकला. त्याने पेला सरकवला. तिने कोपर खाली घेतलं, पावाचा तुकडा दुधात बुडवला आणि वर्गात कुणीतरी डब्यातून आणलेल्या बेडकाची हकिगत जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली. एवढंच झालं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं. मुलगी आठ वर्षांची होती, घरात तिला बबडी म्हणत, आणि या आठ वर्षांत त्याने तिला टपलीसुद्धा मारलेली नव्हती. दारू सोडलेला माणूस कोरडे दिवस जपतो तशी ही गोष्ट तो जपत आला होता, कुणाला न सांगता. बेडूक अखेर बाईंच्या पर्समध्ये सापडला तेव्हा तो हसलासुद्धा. पण ते कोपर डोळ्यांसमोरून हलेना. दचकलेलं मूल डोळे मिटतं, नाहीतर मागे सरतं. हे दचकणं नव्हतं. हनुवटी छातीत खोचलेली, मनगट डोक्यामागे, दंडाचा आतला भाग कानावर घट्ट दाबलेला. नवखा माणूस डोळे झाकतो. सवयीचा माणूस कान झाकतो, कारण उघड्या पंजाचा फटका कानावर बसला की डोक्यात शिटी वाजायला लागते आणि ती संध्याकाळपर्यंत थांबत नाही. हे ज्ञान आपोआप येत नाही. कुणीतरी ते द्यावं लागतं, पुन्हा पुन्हा. आणि बबडी उजव्या हाताची होती. डावा हात तिला चेंडू झेलायलासुद्धा सुचत नसे.

बसमध्ये जागा मिळाल्यावर तो समोरच्या माणसांचे हात बघत बसला. तसा तो त्याचा रोजचा धंदाच होता. तो एका दैनिकात उपसंपादक होता आणि चौथ्या पानावर, हवामानाच्या शेजारी येणारी ‘अक्षर आणि माणूस’ ही चौकट त्याच्याकडे होती. नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराची माणसं कशी असतात ते थोडक्यात सांगायचं. एकदा ऐन वेळी जाहिरात रद्द झाली, भोक बुजवायला त्याने काहीतरी खरडलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन खणखणायला लागले. तेव्हापासून सात वर्षं. अक्षरात काही नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिवसभरात कुणाची तरी एखादी खोड दिसे, ती तो उचली आणि पाळीला आलेल्या अक्षराच्या खुंटीला टांगून देई. ‘क’ची माणसं कुलूप लावून ते ओढून बघतात, एक जिना उतरतात आणि परत वर येऊन ओढतात. ‘स’ची माणसं परक्या घरी पाणी पिण्याआधी पेल्याचा तळ बघतात. ‘म’च्या माणसांना भांडण संपल्यावर बिनतोड उत्तर सुचतं आणि ती रस्त्यात एकटीच हसतात. यातलं सगळं सगळेच करतात, म्हणून प्रत्येकजण म्हणे, अगदी मीच! शेवटचं वाक्य ठरलेलं असे: मनाने मात्र निर्मळ. कॅन्टीनवाला त्याला विचारी, “साहेब, माझं नाव ‘ल’वरून ठेवलं तर बायको ऐकेल का?” तो गंभीरपणे सांगे, “आधी तिचं बदलून बघा.” आज मात्र बसमधल्या हातांवर खोडी दिसत नव्हत्या. पुढच्या सीटवरच्या माणसाने अंगठीचा खडा तळहाताच्या बाजूला फिरवून ठेवला होता, कशासाठी? कंडक्टरच्या अंगठ्याचं नख मुळापासून काळं होतं. एका बाईने पर्स पोटाशी धरली होती आणि तिची बोटं चामड्यात रुतली होती. यातला प्रत्येक हात कुणाच्या तरी कानावर बसू शकतो, असं त्याच्या मनात आलं, आणि मग मनात दुसरं काही येईना. शाळेतल्या बाई. व्हॅनचा ड्रायव्हर. शाळा सुटली की बबडी दादाकडे, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाकडे जाई आणि बायको कामावरून सुटेपर्यंत तिथेच असे. दादाकडे अण्णा होते, दोघा भावांचे वडील. विचार अण्णांपाशी आला आणि तिथेच बसला, खुर्ची ओढून घेतल्यासारखा.

पुरवणीच्या संपादक बाईंनी त्याला टेबलाशी पोचूही दिलं नाही. “आज ‘ग’,” त्या म्हणाल्या. “टाळाटाळ नको. ‘ख’ झाला की तुम्ही सरळ ‘घ’वर उडी मारता. आधी मला वाटलं चुकून होतं. लोक आता विचारायला लागलेत, आमच्या अक्षराने काय घोडं मारलंय? आणि जाहिरात विभागाच्या साहेबांचे सासरे ‘ग’वरून आहेत. त्यांचा उद्या वाढदिवस.” “सासऱ्यांना पेढे पाठवा म्हणावं,” तो म्हणाला. “तुम्ही मजकूर पाठवा,” बाई म्हणाल्या. “चारपर्यंत. बाकीचं आम्ही बघतो.” तो जागेवर बसला, पेन्सिल उचलली, कागद समोर ओढला. ‘ग’ लिहिलं. सात वर्षांत या कामासाठी त्याने ते अक्षर पहिल्यांदा लिहिलं होतं, आणि लहानपणी दिसे तसंच ते आत्ताही दिसलं: एक वाकलेला माणूस, आणि त्याच्या शेजारी उभी काठी.

अण्णा मालगाडीच्या यार्डात होते. डब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवायची हे त्यांचं काम. पत्र्याचा साचा डब्याला दाबून धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. साचा काढला की आकडा राहतो, कुणाच्या हाताचा म्हणून ओळखू येत नाही. घरासाठी त्यांनी एक साचा वेगळा कापून घेतला होता, ‘ग’चा. त्यांचं नाव ‘ग’वरून होतं, दादाचं आणि त्याचं त्यांनी ‘ग’वरून ठेवलं, आईचं बदलून ‘ग’वरून केलं. बादल्यांवर ग, पेट्यांवर ग, झाडूच्या दांड्यावर ग, उशांच्या उलट्या बाजूला ग. शेजारचे गमतीने त्यांच्या घराला वॅगन म्हणत आणि अण्णा ते अभिमानाने सांगत. एका संध्याकाळी दादाने आपल्या पेटीवरचा ‘ग’ ब्लेडने खरवडला आणि तिथे खडूने दुसरंच अक्षर काढलं. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यालाही सांगता आलं नसतं. अण्णा आले. पेटी बघितली. मग त्यांनी दारातल्या चपला भिंतीला समांतर लावल्या. खिडकीतलं वर्तमानपत्र कडेला कड जुळवून ठेवलं. मनगटावरचं घड्याळ काढून त्यावर ठेवलं. हे सगळं संथपणे चाललं होतं, आणि आवाज इतका खाली गेला होता की शब्द ऐकायला पुढे वाकावं लागलं असतं. “हात खाली,” ते दादाला म्हणाले. हा घरातला नियम होता. मार खाताना हात मांड्यांना चिकटलेले हवेत. वर आले की पहिल्यापासून सुरुवात. आणि धाकट्याला, म्हणजे त्याला, त्यांनी पेटीवर बसवलं आणि सांगितलं, “बघायचं. डोळे मिटायचे नाहीत.” त्याने मिटले नाहीत. दादाचं डोकं भिंतीवर आपटून परत येताना त्याने बघितलं, ओठ दातावर फाटताना बघितला, गुडघे आधी थरथरतात आणि मग एकदमच जातात हे बघितलं. शेवटी अण्णांनी दादाला केसाला धरून उभं केलं, गालावर साचा दाबला, आणि ब्रश फिरवला. पत्र्याची कड कापत गेली. काळ्या रंगाखालून लाल वर येत होतं, अण्णा ब्रशने ते पुन्हा काळं करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काम करणाऱ्या माणसाचं लक्ष होतं. जीभ दातांत धरलेली. सकाळी टर्पेंटाइनच्या बोळ्याने गाल पुसताना दादा ओरडला, तो आवाज त्याला अजून कधीकधी पेट्रोल पंपावरच्या वासात ऐकू येतो. लोकांना वाटतं की बारकाईने बघायला तो वर्तमानपत्रात शिकला.

त्याने लिहायला सुरुवात केली आणि हात थांबला नाही. ‘ग’ची माणसं वस्तू सरळ ठेवतात. पेन कागदाला समांतर, चपला भिंतीला समांतर. राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. ती आधी घड्याळ काढून ठेवतात, कारण घड्याळ महाग असतं. समोरच्याने हात खाली ठेवलेले त्यांना आवडतात. काही मोडलं की त्यांचं अर्धं लक्ष मोडण्याच्या आवाजाकडे असतं. त्यांच्या घरातली मुलं जिन्यावरच्या पावलांवरून संध्याकाळ ओळखतात. निर्मळ मनाचं वाक्य त्याने लिहिलं नाही. लिहून झाल्यावर त्याला खूप दिवसांनी स्वच्छ वाटलं, जखम कापून पू काढल्यासारखं, आणि त्याने कागद पानं लावणाऱ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या बाई पडद्यावर मजकूर चढवता चढवता थांबल्या, हसल्या, आणि मान न वळवता म्हणाल्या, “सर, स्वतःवरच लिहिलंत की!”

“म्हणजे?”

“काही नाही, गंमत केली.”

“नाही, सांगा ना.”

“आता बघा, हाच आवाज,” बाई म्हणाल्या. त्या अजून हसत होत्या, पण खुर्ची थोडी मागे गेली होती. “तुमचा आवाज असा खाली गेला की आम्ही सगळे आपापल्या जागी जाऊन बसतो. तुम्हाला माहीत नाही? मागे फोटो चुकला तेव्हा तुम्ही माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलून सरळ ठेवलात. काही बोलला नाहीत. मी त्या दिवशी जेवले नाही, सर. आता हसू येतं.”

तो जागेवर परत आला. टेबलावर पेन्सिल होती, खोडरबर होतं, चष्म्याचं घर होतं. तिन्ही एका रेषेत. कुणी लावली? त्याने चष्म्याचं घर बोटाने वाकडं केलं आणि बघत राहिला. ते तसं बघवेना. हात घर पुन्हा सरळ करायला पुढे झाला. त्याने ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर आपटून बंद केला. समोरच्या टेबलावरच्या क्रीडा विभागाच्या माणसाने वर बघितलं आणि ताबडतोब खाली बघितलं. हे ताबडतोब खाली बघणं त्याने सात वर्षांत किती अक्षरांना लावलं होतं! ‘न’ची माणसं नजरानजर टाळतात. ‘ब’ची माणसं भिडस्त असतात. ती सगळी त्याच्याकडे बघून मान खाली घालणारी माणसं होती, आणि तो त्यांच्या खोडी टिपत बसला होता. मग त्याने बाहेरच्या जिन्यावर जाऊन बायकोला फोन केला.

“तू बबडीला मारतेस का?”

“काय? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी कामात आहे.”

“सकाळी तिने कोपर वर केलं. मी हात उचलला तर.”

पलीकडे थोडा वेळ कुणाचा तरी प्रिंटर चालल्याचा आवाज आला. “मला विचारतोस?” बायको म्हणाली. “तू मारत नाहीस रे. मारत नाहीस म्हणून सगळ्यांना सांगते मी. तू दारात उभा राहतोस.”

“दारात?”

“तिच्या हातून काही सांडलं की तू येऊन दारात उभा राहतोस. बोलत नाहीस. आम्ही दोघी खाली बसून पुसतो, आणि पुसून झालं तरी पुसत राहतो, तू जाईपर्यंत. कधीकधी वाटतं, एक धपाटा घालून मोकळा झाला असता तर बरं.” मग तिचा आवाज बदलला. “पण कोपर? ते मी नाही पाहिलेलं कधी. कुणी मारतंय का तिला?”

“आज तिला मी आणतो,” तो म्हणाला.

परत आला तेव्हा संपादक बाई त्याच्या खुर्चीजवळ प्रिंट घेऊन उभ्या होत्या. “अहो, हे काय आहे? लोक हे चहाबरोबर वाचतात. सासरेबुवांना हार्ट अ‍ॅटॅक यायचा.” त्यांनी लाल पेनने बरंच खोडलं होतं आणि समासात नवीन लिहिलं होतं. त्याने वाचलं. ‘ग’ची माणसं नीटनेटकी, शिस्तप्रिय आणि मितभाषी असतात. कुटुंबावर त्यांचं बारीक लक्ष असतं. एकदा धरलेलं ती सोडत नाहीत. मनाने मात्र निर्मळ. “चालेल ना?” बाईंनी विचारलं. त्याला आक्षेप घ्यायला एकही शब्द सापडला नाही. सगळे खरे होते. “चालेल,” तो म्हणाला, पिशवी उचलली आणि निघाला.

दादाकडे जाणारा रस्ता गोदामांमधून जातो, आणि तो अर्धा रस्ता चालतच गेला, कारण बसमध्ये बसवलं नसतं. अण्णांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली होती. ज्या हाताने ब्रश धरला तो हात आता मांडीवर उलटा पडलेला असे, मेलेल्या पक्ष्यासारखा. पण डावा चालू होता. डाव्या हाताने माणूस चमचा धरू शकतो, तर आठ वर्षांच्या पोरीला मारू का शकणार नाही? मारत असणार. बोलावून जवळ घेत असणार, पोरी, इकडे ये, आणि कान धरत असणार. चालता चालता तो मनातल्या मनात अण्णांच्या खुर्चीसमोर उभा राहिला, त्यांच्या गळ्याशी हात घातला, खुर्चीसकट त्यांना मागे ढकललं, डोकं फरशीवर आपटलं, ओला आवाज आला. मग तो पुन्हा दारातून आत आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी त्यांचा डावा हात दारात धरून दार बंद केलं. बोटं एकेक करून. एका गोदामाबाहेर माल उतरवणारी माणसं त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा त्याला कळलं की आपले ओठ हलताहेत. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की आपण मनोमन म्हणतोय, अण्णाच असू देत. म्हणजे आपल्या मुलीला कुणीतरी खरंच मारलेलं असू दे. शाळेतल्या बाईंचं, ड्रायव्हरचं, कुणाचंही नाव निघालं तर त्याची निराशा झाली असती. तो तिथे भिंतीला टेकून उभा राहिला. दादा रात्रपाळीला शीतगृहात असे, उणे तापमानात खोकी हलवायचं काम. दिवसा घरी असे. वहिनी औषधाच्या दुकानात काउंटरवर, संध्याकाळी येत. रविवारी तो स्वतः अर्धा तास अण्णांना भेटायला जाई तेव्हा घर झाडलेलं असे, अण्णांचे केस ओले करून विंचरलेले असत. दादा असताना अण्णा तिला हात कसा लावतील? दादा झोपलेला असेल. झोपलेलाच असणार.

तिसऱ्या मजल्यावर दादाचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ते बोटाने ढकललं. खोलीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत अण्णा होते, छातीभोवती टॉवेल गुंडाळून तो खुर्चीमागे गाठ मारलेला. समोर स्टुलावर दादा, हातात वाडगा, शर्टावर मऊ भाताची शितं. “थुंकायचं नाही म्हटलं होतं ना?” दादा म्हणाला, अजिबात न ओरडता, आणि वाडगा खाली ठेवला. अण्णांचं डावं कोपर वर गेलं. हनुवटी छातीत, मनगट डोक्यामागे, दंड कानावर घट्ट. दादाने पडदा बाजूला करावा तसं ते कोपर एका हाताने बाजूला केलं. “हात खाली,” तो म्हणाला, आणि उजव्या पंजाने अण्णांच्या कानावर मारली. बबडी खुर्चीच्या पायाजवळ पालथी पडून नकाशा रंगवत होती. फटका बसायच्या आधी तिने आपली पाण्याची बाटली उचलली आणि सांडू नये अशी पलीकडे नेऊन ठेवली, आणि समुद्राचा निळा रंग पुढे चालू केला. डाव्या हाताने मारणाऱ्यापासून वाचायला उजवं कोपर लागतं, आणि बबडीने डावं उचललं होतं. हे त्याला सकाळीच कळायला हवं होतं. जग बघून पोट भरणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

“अरे, तू?” दादा म्हणाला. “आज रविवार नाही. चहा टाकू?”

“बबडीला हात लावलास?”

दादा खरोखरच दुखावला. “तिला? वेडा आहेस का तू? माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे ती. विचार तिलाच.”

“काका मला नाही मारत,” मुलगी नकाशातून मान न काढता म्हणाली. “आजोबांनाच मारतात. मी नुसती त्यांच्यासारखी करून बघते.”

दिवसभर हेच ऐकायला तो तडफडत होता. कुणी तिला मारलं नव्हतं. आता हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. “किती दिवस चाललंय?” त्याने विचारलं.

“तू अर्धा तास येतोस तेवढा सोड. उरलेला आठवडा.” दादाने शर्टावरची शितं वेचून वाडग्यात टाकली. “बघू नकोस असा. रात्रभर बर्फात खोकी उचलतो. सकाळी येतो तर यांनी अंथरुणात केलेलं असतं, आणि हे हसतात. त्या अर्ध्या तोंडाने हसतात, शपथ. पहिल्यांदा हात उचलला ना, तेव्हा खाली जिन्यात जाऊन रडलो मी. मग वर आलो आणि इतकी छान झोप लागली, लहानपणापासून लागली नव्हती तशी. खोटं कशाला सांगू?” त्याने वाडगा भिंतीकडे सरकवला. “तुझी ती चौकट रोज वाचून दाखवतो यांना. खुणेने विचारतात, आपलं कधी येणार. सगळ्या जगाची अक्षरं लिहिलीस, आपलंच तेवढं नाही.”

“उद्या येतंय.”

“काय सांगतोस! काय लिहिलंस?”

“नीटनेटकी, शिस्तप्रिय,” तो म्हणाला. “कुटुंबावर बारीक लक्ष.”

दादाने त्याच्याकडे बघितलं. “आणि मनाने?”

“मनाने मात्र निर्मळ.”

दादाला आधी ठसका लागला आणि मग तो हसायला लागला, पोट धरून, स्टुलावर पुढे मागे होत, आणि त्यालाही हसू फुटलं, आवरेना. किती वर्षांनी दोघे भाऊ एकत्र हसत होते. बबडीसुद्धा कारण न कळता हसली. अण्णांचे डोळे याच्यावरून त्याच्यावर फिरत होते. हसता हसता दादाने डोळे पुसले, उठला, अण्णांची हनुवटी मुठीत धरली आणि त्यांचा चेहरा धाकट्याकडे वळवला. “ये,” तो हळुवारपणे म्हणाला. “तुझ्या वाटणीचं घे. एकच. मी कुणाला सांगणार नाही.”

कान लाल झाला होता. पातळ, म्हातारा, केस उगवलेला कान. त्याच्या उजव्या तळव्यात ऊब उतरली, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं शरीर त्या कानाच्या दिशेने झुकलं, आणि घड्याळ मनगटावर नसून आपल्या डाव्या मुठीत आहे हे त्याला कळलं. ते कधी काढलं ते आठवेना. त्याने मारलं. पण हात ऐन वेळी वळला, की त्याला कधीपासून तिकडेच जायचं होतं कुणास ठाऊक, आणि दादाच्या तोंडावर बसला. स्टूल कलंडलं. दादा भिंतीला लागून परत आला आणि धाकट्याने पुन्हा मारलं, या वेळी मुठीने, घड्याळ धरलेल्या मुठीने, काच फुटून कुणाच्या तरी मांसात शिरली. दादा ताकदीचा माणूस, खोकी फेकणारा. त्याने एका हाताने त्याला दाबून ठेवलं असतं. त्याने तसे हात वर आणलेही. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. “हा... हात,” अण्णा म्हणाले. तोंडाचा अर्धा भाग शब्द ओढत होता, लाळ हनुवटीवर आली होती, आणि डोळे मात्र पूर्ण जागे, लख्ख, यार्डातल्यासारखे. “हात... खा... ली.” आणि दादाचे हात खाली गेले. पन्नाशीचा माणूस मांड्यांना तळवे चिकटवून भिंतीशी उभा राहिला, हनुवटी वर, डोळे समोर. त्या उभं राहण्यानेच धाकट्याच्या आत उरलंसुरलं जे काही होतं ते सुटलं. तो मारत राहिला. नाकातलं हाड बोटांखाली सरकलं. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज आला, परत आला, परत आला, आणि त्याचं अर्धं लक्ष त्या आवाजाकडे होतं. गुडघे आधी थरथरले. त्याने कॉलरला धरून दादाला पडू दिलं नाही. मागून अण्णा घशातून काहीतरी म्हणत होते, दर फटक्याला, हां, हां, चांगल्या चाललेल्या कामाला म्हणावं तसं. आपण मुलीला न्यायला आलो आहोत हे त्याला आठवत होतं. तिचा हात धरायचा, दप्तर घ्यायचं, जिना उतरायचा. सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि हात कॉलर सोडत नव्हता.

“बाबा.”

बबडी उभी राहिली होती. तिने नकाशा उचलून घेतला होता, रक्ताचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पाठीमागे धरला होता. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, घरातली कामं ठाऊक असलेल्या माणसाची.

“बाबा, दार उघडंच राहिलंय. काका आज विसरले.” ती त्याच्याकडे बघत थांबली. “लावून घेऊ?”

दादाने सुजलेल्या तोंडाने काहीतरी म्हटलं, लाव बेटा असावं. जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजायला लागल्या. त्याला नाही म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात होता, जिभेवर होता. त्याने मान हलवली, हो म्हणून.

ती गेली, दार लोटलं, चवड्यांवर उभी राहिली, आणि वरच्या कडीला तिचा हात पुरला.